निर्वात गळती, मोटार एंजिनातील

मोटारगाडीच्या एंजिनाने अथवा त्याला जोडलेल्या पंपाने निर्माण केलेल्या अंशतः निर्वात जागेत (म्हणजे बाहेरील हवेपेक्षा कमी दाब असलेल्या जागेत) फट, भेग, सैल जोड किंवा फाटलेले पटल यांतून बाहेरची हवा अनियंत्रितपणे शिरणे, यास निर्वात गळती म्हणतात. तेल अथवा पाणी गळते तेव्हा ते आतून बाहेर येते. निर्वात गळतीत मात्र हवा बाहेरून आत जाते. त्यामुळे जमिनीवर डाग पडत नाही, थेंब दिसत नाही व वासही येत नाही. दोष डोळ्यांना न दिसता केवळ परिणामांवरून ओळखावा लागतो, ही त्याच्या निदानातील मुख्य अडचण होय.

हा दोष सर्व एंजिनांत सारखा प्रगट होत नाही. पेट्रोल एंजिनात तो प्रामुख्याने एंजिनाच्या चालीवर परिणाम करतो, तर डीझेल एंजिनात चाल बहुधा बिघडत नाही. बिघडतो तो ब्रेक. यवतमाळसारख्या जिल्ह्यात वापरात असलेल्या जुन्या मालवाहू पिकअप गाड्या बहुतांशी डीझेलवर चालणाऱ्या असल्याने तेथे या दोषाचा विचार एंजिनाच्या तक्रारीपेक्षा ब्रेकच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने करणे अगत्याचे ठरते.

तत्त्व व मापन : हवेला वजन असते व ती सर्व बाजूंनी दाब देते, हे इटालियन शास्त्रज्ञ एव्हांजेलीस्ता तोररीचेल्ली यांनी १६४३ मध्ये पाऱ्याच्या नळीच्या साहाय्याने दाखवून दिले. समुद्रसपाटीस हा दाब पाऱ्याच्या ७६० मिमी. उंचीच्या स्तंभाइतका असतो. एखाद्या बंद जागेतील दाब यापेक्षा जितका कमी, तितके तेथील ‘निर्वात’ अधिक, असे व्यवहारात समजतात आणि ते पाऱ्याच्या मिमी. मध्येच सांगतात. गॅरेजमधील कारागीर यास ‘व्हॅक्यूम’ म्हणतात. निर्वात स्वतः काही ओढत नाही. बाहेरची हवाच कमी दाबाच्या बाजूकडे ढकलली जाते व त्या ढकलण्याचा उपयोग करून घेता येतो.

उंचीनुसार हवेचा दाब घटतो. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सु. ४४५ मी. उंचीवर असल्याने तेथे हवेचा सरासरी दाब सु. ७२० मिमी. एवढाच असतो. म्हणून समुद्रसपाटीसाठी दिलेल्या निर्वाताच्या मापनांतून यवतमाळ येथे सु. ४० मिमी. वजा करणे आवश्यक असते. हे ध्यानात न घेतल्यास निर्दोष एंजिनही सदोष ठरविले जाण्याचा संभव असतो.

निर्वाताची उगमस्थाने : पेट्रोल एंजिनात चालकाने प्रवेगक (ॲक्सिलरेटर) किती दाबला आहे त्यानुसार हवेचा मार्ग एका फिरत्या पाकळीने कमीअधिक उघडला जातो. प्रवेगक सोडलेला असताना पाकळी जवळजवळ मिटलेली असते, परंतु दट्टे हवा ओढतच राहतात. त्यामुळे पाकळी व सिलिंडर यांमधील शोषण नळात मोठे निर्वात निर्माण होते. समुद्रसपाटीस ते साधारणतः ४३० ते ५३० मिमी. असते. यवतमाळच्या उंचीवर ३९० ते ४९० मिमी. हे निरोगी एंजिनाचे लक्षण मानावयास हरकत नाही. ब्रेकला साहाय्य करणारा बूस्टर, तळकोठीतील वायू पुन्हा शोषून घेणारी झडप इत्यादींना याच नळातून निर्वात पुरविले जाते.

डीझेल एंजिनाची रचना वेगळी आहे. त्यात शक्तीचे नियमन हवा अडवून न करता फवारल्या जाणाऱ्या इंधनाचे प्रमाण बदलून करतात. हवेचा मार्ग बहुधा उघडाच असल्याने शोषण नळात उपयोगी पडेल इतके निर्वात नसते. यासाठी वेगळा निर्वात पंप बसवितात. भारतातील अनेक डीझेल पिकअप गाड्यांत हा पंप आल्टरनेटरच्या (गाडीतील विद्युत् जनित्राच्या) मागील टोकास, त्याच्याच दंडावर बसविलेला असतो. काही एंजिनांत तो झडपा चालविणाऱ्या कॅम दंडाच्या टोकाशी असतो. पंपातील सरकत्या पात्यांना एंजिनातील तेलानेच वंगण मिळते. पंप आल्टरनेटरवर असल्यास तो पट्ट्यावर फिरतो. पट्टा तुटल्यास बॅटरी भारित होणे व ब्रेकला साहाय्य मिळणे ही दोन्ही कामे एकाच वेळी बंद पडतात. म्हणून अशा गाडीत बॅटरीचा तांबडा दिवा अचानक लागला, तर तो ब्रेकविषयीचाही इशारा समजावा.

डीझेल गाडीसंबंधी बोलताना कारागीर ‘गाडी एअर घेते’ असा शब्दप्रयोग करतात. तो निर्वात गळतीचा नव्हे. टाकीपासून एंजिनापर्यंत डीझेल आणणाऱ्या नळीत हवा शिरून एंजिन बंद पडणे, असा त्याचा अर्थ आहे. दोन्ही दोषांत हवा नको तेथे शिरते हे खरे, परंतु त्यांची स्थाने, परिणाम व उपाय पूर्णतः भिन्न आहेत.

ब्रेक बूस्टर : चालकाच्या पायाचे बळ वाढविण्यासाठी निर्वाताचा उपयोग करण्याची कल्पना १९२० नंतरच्या दशकात बेल्जियन अभियंते आल्बेर दवांद्र यांनी विकसित केली. आजचा बूस्टर म्हणजे पत्र्याचा एक मोठा चपटा डबा असून त्याचे रबरी पटलाने दोन कप्पे केलेले असतात. ब्रेक दाबलेला नसताना दोन्ही कप्प्यांत निर्वात असते. पायटा दाबताच मागील कप्प्यात बाहेरची हवा सोडली जाते व ती पटलास पुढे ढकलते. पटलाचा व्यास २० सेंमी. धरल्यास त्याचे क्षेत्रफळ सु. ३१४ चौ.सेंमी. होते. निर्वात ५०० मिमी. असेल, तर दर चौ.सेंमी. वर सु. ०.६८ किग्रॅ. भार पडतो, म्हणजे एकंदर २१० किग्रॅ. पेक्षा अधिक भार पायाच्या मदतीस येतो. निर्वात निम्मे झाले की ही मदतही निम्मी होते.

बूस्टर निकामी झाला तरी ब्रेक नाहीसा होत नाही. द्रवाचा दाब पायाच्या बळाने निर्माण होतच राहतो, परंतु पायटा दगडासारखा कठीण लागतो आणि गाडी थांबण्यास लागणारे अंतर पुष्कळ वाढते. पूर्वी रेल्वेगाड्यांत वापरात असलेल्या निर्वात ब्रेकची रचना याच्या उलट होती. तेथे निर्वात नाहीसे झाले की ब्रेक आपोआप लागत असे व गाडी थांबे. मोटारीत निर्वात नाहीसे झाले की मदत जाते आणि गाडी चालतच राहते. हा फरक ध्यानात घेतला म्हणजे एका लहानशा रबरी नळीचे महत्त्व कळून येते.

बूस्टरमध्ये निर्वाताचा थोडा साठा राहावा म्हणून त्याच्या तोंडाशी एकदिशा झडप असते. एंजिन बंद पडले तरी या साठ्यावर दोनतीन वेळा ब्रेक साहाय्यासह लागू शकतो. इंधन वाचविण्यासाठी उतारावर एंजिन बंद करून गाडी घरंगळत नेण्याची सवय काही चालकांना असते. हा साठा संपल्यावर ती प्राणघातक ठरू शकते. आणि नळीस किंवा झडपेस गळती असेल, तर साठा पहिल्या दाबापूर्वीच संपलेला असतो.

यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थिती : जिल्ह्याच्या ईशान्येस वर्धा नदी व दक्षिणेस पैनगंगा असून मधला बराच भाग पठारी व डोंगराळ आहे. कापूस हे प्रमुख पीक होय. हंगामात शेतातून बाजार समितीकडे व सरकी काढण्याच्या जिनिंग कारखान्यांकडे कापूस नेण्यासाठी, तसेच भाजीपाला, खते व जनावरांचा चारा यांच्या वाहतुकीसाठी पिकअप गाड्यांचा मोठा उपयोग होतो. महाराष्ट्रात अशा गाड्यांची परंपरा जुनी आहे. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. टाटा कंपनीची टाटामोबिल ही पिकअप १९८८ मध्ये बाजारात आली, तर २००० मध्ये आलेल्या बोलेरोच्या सांगाड्यावर आधारलेल्या पिकअप ग्रामीण भागात सर्वत्र दिसू लागल्या. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाल्यावर लहान मालवाहू गाड्यांत पेट्रोल व सीएनजी यांचे प्रमाण वाढले. जुन्या बाजारात त्यामुळे दोन्ही प्रकारच्या गाड्या आढळतात.

स्थानिक हवामान व माती यांचा या दोषाशी निकटचा संबंध आहे. उन्हाळ्यात तापमान ४२° ते ४५° से. पर्यंत चढते व बोनेटखालील उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. या उष्णतेने रबरी नळ्या कडक होतात, त्यांना टोकाशी बारीक चिरा पडतात व त्या जोडावर सैल बसतात. खडबडीत शेतरस्त्यांवरील धक्क्यांनी पट्ट्या ढिल्या होतात. काळ्या कापसाच्या जमिनीची कोरडी धूळ आणि वणी परिसरातील कोळशाची भुकटी फटींतून आत ओढली जाते. हवा गाळणीच्या पुढील नळास चीर असेल, तर ही न गाळलेली धूळ सरळ सिलिंडरात जाऊन दट्ट्यांची कडी व सिलिंडरांच्या भिंती झिजविते. टर्बोभारक असलेल्या डीझेल एंजिनात गाळणी व टर्बो यांमधील नळ हा असाच निर्वाताचा भाग होय. तेथील चिरेमुळे चालीत लगेच फरक जाणवत नाही, परंतु एंजिनाचे आयुष्य झपाट्याने कमी होते. टर्बोच्या पुढील नळात मात्र दाब अधिक असल्याने तेथील गळतीत हवा बाहेर जाते. जोडाजवळ तेलकट काजळी, काळा धूर व शक्तीची घट ही तिची लक्षणे आहेत.

लक्षणे : पेट्रोल एंजिनात इंधनाच्या एका भागास वजनाने सु. १४.७ भाग हवा लागते. गळतीतून आलेली जादा हवा हिशेबाबाहेरची असल्याने मिश्रण विरळ होते. गाडी उभी असता एंजिनाची मंदगती कमीजास्त होत राहणे, सकाळी एंजिन उशिरा सुरू होणे, प्रवेगक दाबताच क्षणभर अडखळणे, कार्ब्युरेटरमध्ये फटफट आवाज होणे, एंजिन अकारण तापणे आणि स्पार्क प्लगचे टोक पांढुरके दिसणे ही तिची लक्षणे होत [⟶ कार्ब्युरेटर].

वेग वाढविल्यावर ही लक्षणे बरीचशी नाहीशी होतात, ही गोष्ट निदानास फार उपयोगी पडते. तिचे कारण साध्या हिशेबाने समजते. दोन लिटर घनफळाचे चार धावांचे एंजिन मिनिटास ८०० फेऱ्यांच्या मंदगतीत सु. २८० लि. हवा घेते. शोषण नळास ३ मिमी. व्यासाचे छिद्र असल्यास त्यातून मिनिटास ५० ते ६० लि. हवा शिरते; म्हणजे एकूण हवेच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. तेच एंजिन ३,००० फेऱ्यांनी भाराखाली चालत असता सु. २,४०० लि. हवा घेते व नळातील निर्वातही कमी झालेले असते. त्यामुळे छिद्रातून येणाऱ्या हवेचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी भरते. उभ्या गाडीत जाणवणारा व रस्त्यावर विरून जाणारा दोष म्हणूनच निर्वात गळतीकडे बोट दाखवितो.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या गाड्यांत निष्कास नळातील ऑक्सिजन संवेदक विरळ मिश्रण ओळखतो व नियंत्रक इंधन वाढवून त्रुटी भरून काढतो. ही भरपाई एका मर्यादेपलीकडे गेल्यास सूचक दिवा लागतो. तपासयंत्रावर मंदगतीत इंधनाची भरपाई दहा टक्क्यांहून अधिक व वेग वाढविल्यावर ती जवळजवळ शून्य दिसली, तर गळतीचा संशय बळावतो. शोषण नळातील दाब मोजून इंधन ठरविणाऱ्या काही गाड्यांत मात्र मिश्रण फारसे विरळ न होता मंदगतीच वाढलेली आढळते.

डीझेल गाडीत पायटा कठीण लागणे, लागोपाठ ब्रेक दाबल्यास तिसऱ्याचौथ्या वेळी मदत न मिळणे, पायटा दाबताना पायाशी सुस्कारा ऐकू येणे ही मुख्य लक्षणे आहेत. काही नव्या डीझेल एंजिनांत टर्बोचे नियमन आणि निष्कास वायूंचे पुनर्भरण निर्वाताने होते. त्यांच्या नळ्या गळत असल्यास गाडी चढावर दम टाकते. याउलट, शोषण नळातील निर्वातावर चालणारा गतिनियंत्रक असलेल्या काही जुन्या डीझेल एंजिनांत नळी फाटली की इंधनाचा पुरवठा वाढून एंजिन बेफाम वेगाने फिरू लागते. अशा एंजिनाची नळी फाटलेली असता ते सुरू करून पाहू नये.

परीक्षा : बूस्टरची प्राथमिक परीक्षा कोणत्याही उपकरणावाचून करता येते. गाडी सपाट जागी उभी करून व चाकांना दगड लावून ती पुढील क्रमाने करतात. (१) एंजिन बंद ठेवून पायटा कठीण लागेपर्यंत चारपाच वेळा दाबावा. तो दाबून धरलेला असतानाच एंजिन सुरू करावे. पायटा किंचित खाली गेला, तर निर्वात बूस्टरपर्यंत पोहोचत आहे; मुळीच हलला नाही, तर पंप, पट्टा, नळी किंवा झडप यांत दोष आहे. (२) एंजिन दोन मिनिटे चालवून बंद करावे व पाच मिनिटांनी पायटा दाबावा. पहिला दाब मऊ व त्यानंतरचे क्रमशः कठीण लागले, तर साठा टिकतो. पहिलाच दाब कठीण लागला, तर एकदिशा झडप किंवा बूस्टर हवा घेतो. (३) एंजिन चालू असता पायटा दाबून धरावा, तसाच ठेवून एंजिन बंद करावे. अर्ध्या मिनिटात पायटा पायाला वर ढकलू लागल्यास पटलास अथवा आतील झडपेस गळती आहे. पायटा हळूहळू खाली बसत गेला, तर दोष निर्वाताचा नसून ब्रेकच्या द्रवाचा होय.

पुढील तपासणी निर्वातमापकाने करतात. मापक प्रथम पंपाच्या तोंडाशी सरळ जोडतात. उत्पादकाने समुद्रसपाटीस ६६० मिमी. निर्वात सांगितले असल्यास यवतमाळ येथे सु. ६२० मिमी. अपेक्षित असते. पंप निर्दोष ठरल्यास मापक बूस्टरजवळ, मधल्या जोडनळीत बसवितात. तेथे आकडा कमी भरला, तर दोष दोन ठिकाणांच्या मधे आहे. एंजिन बंद केल्यावर १५ सेकंदांत २५ मिमी. पेक्षा अधिक घट साधारणतः नसावी. उपशाखा असल्यास त्या एकेक करून बंद करतात. जी बंद केल्यावर आकडा वर चढतो, तीत गळती असते. पंप, नळी, झडप व बूस्टर यांचा असा क्रम सोडून थेट महागडा बूस्टर बदलणे, हा खर्च वाढविणारा नेहमीचा प्रमाद होय.

गळतीची नेमकी जागा शोधण्यासाठी रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे जोडांजवळून फिरवितात; सुस्काऱ्याचा आवाज तेथे स्पष्ट होतो. चालत्या पट्ट्यापासून व पंख्यापासून हात, नळी व कपडे दूर ठेवावेत. साबणाच्या पाण्याविषयी एक गैरसमज आढळतो. निर्वात गळतीवर बुडबुडे येत नाहीत, कारण हवा आत जाते. फेस आत ओढला जातो व आवाज क्षणभर बदलतो. बुडबुडे हवे असल्यास एंजिन बंद करून नळात बाहेरून अत्यल्प दाबाची हवा भरावी लागते. याच रीतीने धूर भरणारे यंत्र वापरल्यास फटीतून धूर बाहेर पडताना दिसतो व ही पद्धत सर्वांत खात्रीची समजतात.

एंजिन चालू असता जोडांवर पेट्रोल शिंपडून त्याचा वेग वाढतो का हे पाहण्याची रीत काही गॅरेजांत रूढ आहे. ती टाळावी. तप्त निष्कास नळ व विजेच्या ठिणग्या यांच्या सान्निध्यात पेट्रोलाची वाफ पेट घेते. गाडीत कापूस भरलेला असेल किंवा ती जिनिंग कारखान्याच्या आवारात उभी असेल, तर बोनेटखाली साठलेला कापसाचा पिंजारा क्षणार्धात आग पसरवितो. पेट्रोल एंजिनावर त्याऐवजी साधे पाणी बारीक फवारून चाल बदलते का ते पाहता येते. मात्र विद्युत् जोडांवर ते उडू देऊ नये.

दुरुस्ती : नळी चिरलेली असल्यास ती पूर्ण बदलावी. टोकाचा चिरलेला भाग कापून उरलेली नळी पुन्हा बसविता येते, परंतु ती ताणली जात असल्यास किंवा सर्वत्र कडक झाली असल्यास तसे करू नये. नवी नळी निर्वातासाठीच बनविलेली, जाड भिंतीची व आत धाग्याचे अस्तर असलेली असावी. ठिबक सिंचनाची नळी, फवारणी पंपाची नळी अथवा प्लॅस्टिकची पारदर्शक नळी ग्रामीण भागात सहज मिळते व तात्पुरती लावली जाते. अशी नळी बोनेटखालील उष्णतेने मऊ पडून निर्वाताने आतल्या आत चिपकते. तेव्हा ती फाटलेली नसते, गळतही नसते. तरी बूस्टरला निर्वात मिळत नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे किंवा चिकटपट्टी लावणे हे गाडी रिकामी करून हळू गॅरेजपर्यंत नेण्यापुरतेच क्षम्य होय.

एकदिशा झडप काढून तोंडाने फुंकून पाहता येते. हवा एकाच दिशेने गेली पाहिजे. ती दुरुस्त होत नाही, बदलावी लागते व तिची किंमतही थोडी असते. बसविताना तिची दिशा उलट होऊ देऊ नये. पंपाची पाती झिजली असल्यास दुरुस्तीसंच किंवा नवा पंप बसवितात. त्याच वेळी पंपास तेल आणणारी व परत नेणारी नळी स्वच्छ करावी. तेल न मिळाल्यास नवा पंपही लवकर निकामी होतो. पट्ट्याचा ताण तपासावा. बूस्टरच्या डब्यात ब्रेकचा द्रव साठलेला आढळला, तर मुख्य सिलिंडराचे मागील सील गळत असते. द्रवाने पटल फुगते व खराब होते. अशा वेळी केवळ बूस्टर बदलून भागत नाही.

पेट्रोल एंजिनात शोषण नळाचे गॅस्केट बदलताना दोन्ही पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करतात. सरळ पट्टी आडवी ठेवून पातळ पात्याच्या मापकाने वाक तपासतात. वाक मर्यादेबाहेर असल्यास पृष्ठभाग यंत्रावर घासून घ्यावा लागतो. नटबोल्ट मधून कडेकडे, दोनतीन टप्प्यांत व उत्पादकाने सांगितलेल्या पिळाने आवळतात. एकदम आवळल्यास नळ वाकून नवी फट निर्माण होते. कार्ब्युरेटरच्या पाकळीचा दंड त्याच्या छिद्रात खेळत असल्यास तेथे नवी बुश बसवितात. मंदगतीचा स्क्रू फिरवून किंवा इंधन वाढवून दोष झाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. दुरुस्तीनंतर मापक पुन्हा लावून आकडा पाहावा व पायट्याच्या तीनही परीक्षा पुन्हा कराव्यात.

जुनी गाडी घेताना : विक्रीपूर्वी एंजिन धुऊन व रंगवून ठेवलेले असते, परंतु निर्वात गळती रंगाने झाकली जात नाही. गाडी पाहावयास जाताना एंजिन थंड असेल अशी वेळ निवडावी, कारण कडक झालेल्या नळ्यांच्या फटी थंडपणी अधिक उघड्या असतात. पायट्याच्या परीक्षा आधी कराव्यात व नंतरच गाडी रस्त्यावर न्यावी. रिकाम्या गाडीत कठीण पायटाही पुरेसा वाटू शकतो. १ टन वा अधिक भार भरून पुसद परिसरातील उतारावर गेल्यावर तोच अपुरा पडतो. बोनेटखाली विजोड रंगाच्या नळ्या, सुतळीने किंवा तारेने बांधलेले जोड, गाळणीच्या पुढील नळात आतून हाताला लागणारी धूळ या खुणा पाहाव्यात. मालवाहू गाडीची योग्यता तपासणी पहिल्या आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी करून घ्यावी लागते. तथापि प्रमाणपत्र हे तपासणीच्या दिवसापुरते असते. रबरी नळी त्यानंतरच्या उन्हाळ्यातही फाटू शकते.

या दोषाचे वैशिष्ट्य असे की, त्याचे कारण बहुधा स्वस्त व परिणाम महाग असतो. काही रुपयांची नळी किंवा झडप न बदलल्याने पेट्रोल गाडीत इंधन व एंजिनाच्या झडपा, तर डीझेल गाडीत ब्रेकवरील भरवसा गमवावा लागतो. हंगामाच्या प्रारंभी, कापूस भरण्यापूर्वी, पाच मिनिटांची पायट्याची परीक्षा करणे हा यावरील सर्वांत सोपा उपाय आहे.